‘कॉम्प्युटर घेत नाही’ : कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे गैरसमज आणि माणसाची जबाबदारी

अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी सुरू होण्याच्या सुमारास रिक्षांची आणि दुचाक्यांची रांग लागते. कामावर निघालेल्या या माणसांच्या बोलण्यात हल्ली एक शब्द वरचेवर येतो. तो शब्द म्हणजे ‘एआय’. कुणी म्हणतो, आणखी दोन-चार वर्षांत आपल्या हातांना काम उरणार नाही. कुणी म्हणतो, हे सारे साहेबलोकांच्या कचेऱ्यांसाठी आहे, आपल्या लेथला आणि रसायनांच्या पिंपांना त्याचे काय? तिसरा खिशातला मोबाइल पुढे करून सांगतो की, याला काहीही विचारा, हा कधी चुकत नाही. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत आणि बदलापूरहून मुंबईकडे निघालेल्या लोकलच्या डब्यातही हीच चर्चा चालते.

ही चर्चा आम्ही हलकी मानीत नाही. चुकीच्या समजुतीपोटी माणसे कष्टाचा पैसा गमावतात, पालक मुलांना भलत्या अभ्यासक्रमांकडे ढकलतात आणि आपला हक्क मागायचे सोडून हताश होऊन घरी परततात. या विषयावरील गैरसमज अनेक आहेत. परंतु आमच्या मते त्या सर्वांचे मूळ एकच आहे. यंत्र म्हणजे ‘कुणीतरी’ आहे, ते जाणते, न्याय करते, निर्णय घेते, ही ती मूळ समजूत होय. ती एकदा मनात रुजली की ज्या माणसाने उत्तर द्यायला हवे तो पडद्याआड जातो. खिडकीपलीकडून आलेले ‘कॉम्प्युटर घेत नाही’ हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेले नाही? त्या वाक्यापुढे अर्जदार निरुत्तर होतो, कारण कॉम्प्युटरशी भांडता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता ही त्याच वाक्याची नवी आवृत्ती ठरू नये, एवढ्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

यंत्राला खरोखर कळते काय?

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही संज्ञा अमेरिकेतील जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 साली लिहिलेल्या एका प्रस्तावात प्रथम वापरली. पुढल्या वर्षी डार्टमथ महाविद्यालयात त्या विषयावर परिषद भरली. अर्धा गोंधळ या नावातच आहे. ‘बुद्धिमत्ता’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जाणता माणूस उभा राहतो.

आज मोबाइलवर आपल्याशी मराठीत बोलणारी यंत्रणा कशी चालते? तिला अफाट प्रमाणात लिखित मजकूर पुरवलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, याचे गणित ती त्या मजकुरावरून बसवते. आपण प्रश्न विचारला की त्या गणिताच्या आधारे ती शब्दाला शब्द जोडीत जाते. तिचे उत्तर अनेकदा अचूक आणि उपयुक्त असते, यात वाद नाही. पण ते अचूक असताना आणि चुकीचे असताना तिचा सूर सारखाच आत्मविश्वासाचा राहतो. चुकीच्या उत्तराबद्दल संकोच वाटणे, ते दिल्याबद्दल झोप न लागणे, हे माणसाच्या वाट्याला येते. यंत्राच्या वाट्याला ते येत नाही.

बोलणाऱ्या यंत्रात मन आहे असे वाटणे ही काही नवी भूल नव्हे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाम यांनी 1966 साली ‘एलायझा’ नावाचा एक साधा कार्यक्रम संगणकासाठी प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य उलटवून तो प्रश्न विचारीत असे, त्यापलीकडे त्यात फारसे काही नव्हते. तरीही वायझेनबाम यांच्या सचिव त्याच्याशी बोलताना इतक्या रंगल्या की त्यांनी वायझेनबाम यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले. तो कार्यक्रम कसा बनला हे त्या बाईंना ठाऊक होते. जे ठाऊक असूनही भूल पडते, ते ठाऊक नसताना किती पडत असेल याचा विचार करावा. एकाकी वृद्ध आणि किशोरवयीन मुले आज तासन्‌तास अशा यंत्रांशी बोलत आहेत, ही बाब म्हणूनच आम्हांला गंभीर वाटते.

व्हॅटिकनच्या दोन विभागांनी 28 जानेवारी 2025 रोजी ‘अँतिक्वा एत नोवा’ हे टिपण प्रसिद्ध केले. त्यातील एक मुद्दा येथे अगदी मार्मिक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडे मानवी बुद्धीचा कृत्रिम प्रकार म्हणून पाहू नये, ती मानवी बुद्धीची निर्मिती आहे, असे त्यात म्हटले आहे. निर्मिती म्हटली की निर्माता आला, आणि निर्माता आला की उत्तरदायित्वही आले.

यंत्र चुकत नाही काय?

या प्रश्नाचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर विभागाचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला. त्या आदेशात ज्या तीन न्यायनिवाड्यांचा आधार घेतला होता, ते निवाडे मुळी अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या युगात संगणकाने पुढे केलेल्या निष्कर्षांवर डोळे मिटून विसंबू नये, ते वापरण्यापूर्वी पडताळून पाहावेत, असे न्यायालयाने या प्रसंगी बजावले.

या घटनेतून दोन गोष्टी ध्यानी याव्यात. पहिली अशी की, यंत्र जेव्हा चुकते तेव्हा ते अडखळत नाही. पक्षकारांची नावे आणि वर्ष यांसह एखादा निवाडा ते असा सजवून देऊ शकते की जाणकारही फसावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. न्यायालयाने यंत्राला दोषी धरले नाही. आदेश माणसाच्या अधिकाराने निघाला होता, म्हणून जाब माणसाला विचारला गेला. हीच दृष्टी आपणही बाळगायला हवी. मोबाइलने सांगितले म्हणून आजीच्या रक्तदाबाची गोळी बदलणारा नातू, किंवा यंत्राने लिहून दिलेला निबंध न वाचताच वहीत उतरवणारा विद्यार्थी, दोघेही त्या न तपासलेल्या निवाड्यांचाच कित्ता गिरवीत असतात.

यंत्र निःपक्षपाती असते काय?

यंत्राला ना नातलग, ना जात, ना लाच. तेव्हा त्याचा निर्णय न्याय्यच असणार, असे पुष्कळांना वाटते. वशिल्याने गांजलेल्या समाजात ही आशा स्वाभाविक आहे. तथापि यंत्र ज्या नोंदींवर शिकते त्या नोंदी माणसांच्याच असतात, आणि कोणती गोष्ट संशयास्पद मानावी हे त्याला सांगणारेही माणूसच असतात.

नेदरलँड्स या देशात बालसंगोपन अनुदानाच्या बाबतीत याचा दारुण अनुभव आला. तेथील कर विभागाने गैरव्यवहार शोधण्यासाठी संगणकीय जोखीम-पद्धत वापरली होती. अर्जदार परक्या नागरिकत्वाचा असणे, हा तिच्यात जोखमीचा एक निकष होता. हजारो निरपराध कुटुंबांवर लबाडीचा ठपका आला, अनुदानाची सारी रक्कम परत करण्याचे आदेश निघाले, माणसे कर्जात बुडाली. अखेर 15 जानेवारी 2021 रोजी तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. तोवर अनेक वर्षे त्या आई-वडिलांच्या तक्रारींकडे कोणी गांभीर्याने पाहिले नव्हते.

उल्हासनगर हे शहरच निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी ते उभारले. अंबरनाथ आणि बदलापुरातही बाहेरगावाहून पोटापाण्यासाठी आलेली माणसे मोठ्या संख्येने राहतात. नावाचे स्पेलिंग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे; पत्ता भाड्याच्या खोलीचा; जन्माची नोंद दूरच्या गावी. नोंदी जुळवणाऱ्या यंत्राला नेमकी अशीच माणसे ‘संशयास्पद’ दिसण्याचा संभव असतो. म्हणून आमचे वाचकांना सांगणे आहे की, ‘कॉम्प्युटर घेत नाही’ हे उत्तर अंतिम मानू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 याखाली अधिसूचित केलेली सेवा नाकारायची असल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते. कारण लेखी मागितले की पडद्याआड गेलेला माणूस पुन्हा समोर येतो.

दिसते, ऐकू येते ते खरेच असते काय?

मार्च 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांचे एक छायाचित्र जगभर पसरले. पांढराशुभ्र, फुगीर, आधुनिक धाटणीचा कोट घातलेले पोप त्यात दिसत होते. ते चित्र यंत्राने रचलेले होते; परंतु असंख्य लोकांनी ते खरे मानले. पुढे 2024 च्या समाजसंपर्क दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी, आपणही अशा बनावट चित्रांचे लक्ष्य झालो आहोत, असा उल्लेख केला.

तो प्रसंग हसण्यावारी नेता आला, पण सारेच प्रसंग तसे नसतात. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर यांची एक बनावट चित्रफीत पसरली. त्यांच्या चेहऱ्याचा आणि आवाजाचा वापर करून एका गेमिंग ॲपची जाहिरात केलेली होती. तेंडुलकर यांनी स्वतः ती खोटी असल्याचे जाहीर केले. गायिका आशा भोसले यांच्या याचिकेवर 2025 साली मुंबई उच्च न्यायालयाने, कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे संमतीविना त्यांच्या आवाजाची नक्कल करण्यास मनाई केली. नामवंतांना न्यायालयाचे दार ठोठावता येते. आनंदनगरच्या कामगाराच्या घरी मात्र भरदुपारी मुलाच्या आवाजात फोन येतो, ‘आई, मला पोलिसांनी धरलंय, लगेच पैसे पाठव’, तेव्हा त्या माउलीपाशी विचार करायला दोन मिनिटेही नसतात.

येथे गैरसमज दुहेरी आहे. ‘आवाज माझ्याच मुलाचा होता, म्हणजे तोच असणार’ हा एक. आणि ‘आता कशावरच विश्वास ठेवता येणार नाही’ हा दुसरा. दुसराही तितकाच घातक, कारण मग खरा पुरावाही खोटा म्हणून झटकून टाकता येतो. उपाय साधा आहे. आलेला फोन ठेवून आपल्यापाशी असलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. घरातल्यांनी आपसांत एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागण्याची आशा कमी.

नोकऱ्यांचे काय होणार?

हा प्रश्न या परिसराच्या जिव्हाळ्याचा आहे. अंबरनाथची ओळखच मुळी कारखान्यांची. 1923 साली स्थापन झालेल्या विम्को कंपनीच्या काडेपेटीच्या कारखान्याने येथे नाक्यालाही आपले नाव दिले. यंत्र आले की काम जाते, ही धास्ती येथल्या पिढ्यांनी अनुभवली आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपाच्या आठवणी तर अनेक घरांत आजही ताज्या आहेत. सुमारे अडीच लाख कामगारांची ती कहाणी आहे.

सर्वसाधारण समज असा की, कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे यंत्रमानव, आणि तो प्रथम कारखान्यातील मजुराची जागा घेणार. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मे 2025 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास निराळे चित्र दाखवतो. जगातील दर चार कामगारांपैकी एक जण अशा व्यवसायात आहे, ज्याला मजकूर आणि चित्रे निर्माण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा काही ना काही स्पर्श होऊ शकतो. सर्वांत अधिक परिणाम कारकुनी कामांवर संभवतो, आणि स्त्रियांच्या नोकऱ्या पुरुषांच्या मानाने अधिक जोखमीत आहेत. बहुतेक कामे नाहीशी होण्याऐवजी त्यांचे स्वरूप बदलेल, असाही त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

याचा अर्थ आपल्या भाषेत काय? वडील आनंदनगरात बॉयलरपाशी उभे राहिले आणि मुलीला बी. कॉम. करून ऐरोलीच्या किंवा पवईच्या वातानुकूलित कचेरीत पाठवले. त्या घराने सुरक्षित समजलेली नोकरी ती मुलीची. धक्का आधी तिलाच बसण्याचा संभव आहे. गळकी व्हॉल्व्ह दुरुस्त करणारा फिटर, विजेचे काम जाणणारा तंत्रज्ञ, रुग्णाला कूस बदलायला मदत करणारी परिचारिका यांचे काम यंत्राला सहजी साधणारे नाही. हाताच्या कामाला कमी लेखणाऱ्या आमच्या मध्यमवर्गीय अहंकाराला हा चांगलाच धडा आहे.

तरीही ‘एआयने नोकरी घेतली’ हे वाक्य आम्ही स्वीकारीत नाही. कामगाराला कमी करण्याचा निर्णय यंत्र घेत नाही, व्यवस्थापन घेते. गिरण्यांच्या अस्तातही गुंतवणूक, जमीन आणि धोरण यांविषयी माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा मोठा वाटा होता. जेथे निर्णय माणसाचा, तेथे वाटाघाटीस जागा असते. बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा 1983 साली व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला आणि यंत्रे कोठे, कोणत्या कामासाठी बसवायची याच्या अटी ठरल्या. आज किती कारखान्यांत आणि कचेऱ्यांत असा प्रश्न विचारला जातो? 8 मे 2025 रोजी निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडण्यामागचे कारण सांगताना लिओ तेरावे यांच्या 1891 च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकाचे स्मरण केले. ते परिपत्रक यंत्रयुगातील कामगारांच्या न्याय्य हक्कांविषयी होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रूपाने श्रमाच्या प्रतिष्ठेपुढे तसेच आव्हान उभे आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हे सारे अधांतरी चालते काय?

‘क्लाउड’ या शब्दामुळे आणखी एक गैरसमज पसरला आहे. जणू ही बुद्धिमत्ता ढगांत वसते, तिला ना जागा लागते, ना पाणी! वस्तुतः ती प्रचंड इमारतींत, लाखो यंत्रांच्या घरघरीत वसते, आणि त्या इमारती आपल्या शेजारी येत आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य शासनाने कल्याण-शीळ मार्गावरील पलावा येथे डेटा सेंटर संकुलासाठी लोढा समूहाशी करार केला. 30,000 कोटी रुपयांची गुंतवणूक त्यात अपेक्षित आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 साली जगातील विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज अशा केंद्रांनी वापरली, आणि 2030 पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल. यंत्रे थंड ठेवण्यासाठी अनेक केंद्रांत पाणीही लागते.

बदलापूरजवळील बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. कारखान्यांना आणि उल्हासनगर, अंबरनाथपासून मीरा-भाईंदरपर्यंतच्या वस्त्यांना ते पाणी पुरवते. त्याची उंची वाढवताना आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. पाणी कोणाकडून येते आणि कोणाकडे जाते, हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. डेटा सेंटर नको, असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्या पाण्याचा आणि विजेचा हिशेब लोकांसमोर मांडला जावा, एवढेच म्हणणे आहे.

यंत्रामागे माणसांचे श्रमही असतात. 2020 साली मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि मुंबईची आयआयटी येथील संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कमी उत्पन्नाच्या मराठी भाषकांनी मोबाइलवर वाक्ये वाचून आपला आवाज मोबदल्यात दिला होता. 2011 च्या जनगणनेप्रमाणे मराठी बोलणारे 8 कोटींहून अधिक आहेत. यंत्राला मराठी येते ती अशा आवाजांमुळे आणि आपण आजवर लिहिलेल्या मजकुरामुळे. त्या श्रमाचे मोल आणि श्रेय कोणाला, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

मग यंत्र टाकून द्यायचे काय?

मुळीच नाही. भयापोटी पाठ फिरवणे हाही गैरसमजच होय. छातीचा एक्स-रे तपासून क्षयरोगाची शंका दाखवणारी प्रणाली मुंबईत स्थापन झालेल्या क्यूर एआय या कंपनीने तयार केली आहे. क्षयरोगाच्या चाळणीसाठी अशा प्रणाली वापरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली केली. जेथे क्ष-किरणतज्ज्ञ पोहोचत नाही तेथे हे वरदान ठरते. परंतु यंत्र शंका दाखवते, निदान थुंकीच्या तपासणीने होते आणि औषध डॉक्टर देतो. बारामतीच्या कृषी विकास संस्थेने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले आहेत. राज्याच्या मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये कृषी क्षेत्रासाठी 500 कोटी रुपयांचे धोरणही मंजूर केले. पाणी केव्हा द्यावे हे यंत्राने सुचवावे आणि बांधावर उभे राहून शेतकऱ्याने ठरवावे, या रीतीने ते चालले तर त्याचे स्वागतच आहे.

आनंदनगरातील ज्या कारखान्यांत बॉयलर आहेत, तेथे वाफेचा दाब दाखवणारा काटा असतो. तो काटा मोलाचा आहे. त्याच्याशिवाय कोणी काम करणार नाही. तथापि त्या काट्यापाशी प्रमाणपत्रधारक माणूस नेमावा, असा कायद्याचा आग्रह असतो. अपघात घडल्यास चौकशी काट्याची होत नाही. तो कोणी पाहिला, कोणी दुर्लक्षिला, दुरुस्तीचा खर्च कोणी टाळला, याची होते. कृत्रिम बुद्धिमत्ता हा असाच एक काटा आहे, फार हुशार काटा. कर्ज नाकारणारी बँक असो, उमेदवार गाळणारी कंपनी असो, रेशनची नोंद रद्द करणारे कार्यालय असो किंवा मुलांच्या वह्या तपासणारी शाळा असो, प्रत्येक ठिकाणी आपण एकच प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ या : या निर्णयाखाली सही कोणाची?

ती सही करणारा माणूस जोवर नावानिशी समोर उभा आहे, तोवर यंत्राला भिण्याचे कारण नाही.